‘मानीव’ : एका इंग्रजी क्रियापदाचा उपनगरातला मुक्काम

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. यांपैकी कोणत्याही उपनगरातल्या तीस-चाळीस वर्षे जुन्या सोसायटीत जिन्याखाली एक सूचनाफलक असतो. पाण्याच्या टाक्या धुण्याची सूचना, थकबाकीदारांची यादी, गणपतीची वर्गणी यांच्या सोबतीने त्या फलकावर कधी ना कधी एक ओळ हमखास येते : ‘डीम्ड कन्व्हेयन्सबाबत विशेष सर्वसाधारण सभा’. मराठीचा आग्रह धरणारा सेक्रेटरी असेल तर ‘मानीव अभिहस्तांतरणाबाबत’. दोन्ही ओळी वाचून सभासद मान डोलावतात आणि लिफ्टकडे वळतात. त्यांना दोन्ही ओळी सारख्याच कळलेल्या असतात, म्हणजे फारशा कळलेल्या नसतात.

मी व्यवसायाने भाषांतरकार. करार, नोटिसा, आदेश, परिपत्रके यांचे मराठी करणे हे माझे रोजचे काम. मी मुलुंडला राहतो, त्यामुळे आजूबाजूच्या सोसायट्यांचे कागदही ओळखीने माझ्याकडे येतात. या कागदांत एक इंग्रजी क्रियापद इतक्या वेळा भेटते की त्याची चौकशी केल्याशिवाय राहवेना. ते क्रियापद म्हणजे ‘डीम’. इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यात ते जवळजवळ नाही. चहा चांगला झाला हे सांगताना कोणी ‘डीम’ म्हणत नाही. कायद्यात मात्र ते पानापानावर आहे, आणि उपनगरातल्या लाखो माणसांच्या डोक्यावरचे छप्पर ज्या जमिनीवर उभे आहे त्या जमिनीशी त्याचा थेट संबंध आहे. शब्दाचा अर्थ नीट न कळल्यामुळे घर जात नाही, पण वर्षे जातात. म्हणून हा लेख.

शब्दाचे मूळ

‘डीम’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘डेमान’ या क्रियापदापासून आला. त्याचा अर्थ न्याय करणे, निवाडा देणे. ‘डूम’ हे त्याचेच भावंड. आज ‘डूम’ म्हणजे सर्वनाश असा अर्थ आपल्याला माहीत आहे, पण मूळचा अर्थ निवाडा एवढाच होता. ‘डूम्सडे’ म्हणजे शेवटच्या निवाड्याचा दिवस. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामध्ये आइल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. तिथल्या न्यायाधीशांना आजही ‘डीमस्टर’ म्हणतात. पहिल्या विल्यमने १०८६ मध्ये इंग्लंडभरच्या जमिनींची मोजदाद करवून घेतली. त्या दप्तराला लोकांनी पुढे ‘डूम्सडे बुक’ हेच नाव दिले, कारण त्यातली नोंद शेवटच्या निवाड्यासारखी अंतिम मानली जाई. म्हणजे हा शब्द आणि जमिनीचे दप्तर यांचे नाते नऊशे वर्षांपूर्वीचे आहे.

पुढे या क्रियापदाला दोन अर्थ चिकटले. पहिला सौम्य : वाटणे, समजणे, ठरवणे. ‘समितीला योग्य वाटल्यास’, ‘आपणांस उचित वाटेल तो निर्णय घ्यावा’ या आपल्या अर्जांतल्या ठरावीक वाक्यांमागे इंग्रजीतले हेच क्रियापद उभे आहे. इथे कोणीतरी माणूस विचार करून मत बनवतो. मत बदलूही शकते.

दुसरा अर्थ कायद्याचा, आणि तो कडक आहे. कायदा जेव्हा एखादी गोष्ट अमुक आहे असे ‘डीम’ करायला सांगतो, तेव्हा तो कोणाचे मत विचारत नसतो. तो हुकूम देत असतो : ही गोष्ट तशी नसली तरी ती तशीच आहे असे धरून पुढचे काम करा. व्याकरणातही फरक दिसतो. पहिल्या अर्थात कर्ता ठळक असतो : समिती, न्यायालय, अधिकारी. दुसऱ्या अर्थात क्रियापद बहुतेक वेळा कर्मणी प्रयोगात येते आणि कर्ता दिसेनासा होतो. कायद्यांच्या मराठी भाषांतरात आपण ‘असे मानण्यात येईल’ किंवा ‘असल्याचे समजण्यात येईल’ लिहितो. कोण मानणार? कायदा मानणार, आणि म्हणून सगळ्यांनी मानायचे.

‘प्रिझ्यूम’ या शेजारच्या क्रियापदापासूनही ‘डीम’ला वेगळे ठेवावे लागते. ‘प्रिझ्यूम’ म्हणजे गृहीत धरणे. खरे काय ते माहीत नसते, म्हणून तूर्त एक बाजू धरायची, आणि उलट पुरावा आला की बहुधा ती सोडून द्यायची. माणूस सात वर्षे बेपत्ता असेल आणि ज्यांना एरवी त्याची खबर लागली असती अशांनाही ती लागली नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. हे गृहीत धरणे झाले. माणूस दारात येऊन उभा राहिला की विषय संपला. ‘डीम’मध्ये मात्र खरे काय ते अनेकदा सगळ्यांना पक्के ठाऊक असते. बिल्डरने सही केलेली नाही हे बिल्डरला, सोसायटीला आणि अधिकाऱ्यालाही माहीत असते. तरीही सही झाल्यासारखे पुढे जायचे असते.

मराठीने दिलेली नावे

मराठीत या एका क्रियापदाला एकच प्रतिशब्द स्थिरावलेला नाही. विलेपार्ले किंवा देवनारला गेलात तर ‘डीम्ड युनिव्हर्सिटी’ भेटते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेला हा दर्जा १९६४ मध्ये मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या तिसऱ्या कलमानुसार हा दर्जा दिला जातो. त्याला मराठीत ‘अभिमत विद्यापीठ’ म्हणतात. सोसायटीच्या कागदावर मात्र ‘मानीव अभिहस्तांतरण’. सरकारी नोकराच्या पदोन्नतीत ‘मानीव दिनांक’. अटक होऊन कोठडीत अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काळ राहिलेल्या कर्मचाऱ्याचे ‘मानीव निलंबन’.

‘अभिमत’ हा संस्कृत शब्द; संमत, इष्ट असा त्याचा अर्थ. मराठीत तो ‘मत’ किंवा ‘अभिप्राय’ या अर्थानेही रुळलेला आहे. त्यामुळे ‘अभिमत विद्यापीठ’ वाचून पालकाला काहीच कळत नाही. उलट काहीतरी विशेष मान असावा असे वाटते. मूळ इंग्रजी शब्दाने तरी सरळ सांगितले होते : ही संस्था विद्यापीठ नाही, पण काही कामांपुरते तिला विद्यापीठ समजायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये आयोगाने अशा संस्थांना नावापुढे ‘युनिव्हर्सिटी’ लावू नका असे कळवले. त्यामागे हाच मुद्दा होता.

‘मानीव’ हा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. तो मराठीच्या घरचा आहे. पाळलेला तो पाळीव, राखलेली ती राखीव, कोरलेले ते कोरीव, ऐकलेली ती ऐकीव. त्याच रीतीने मानलेले ते मानीव. ‘ऐकीव माहिती’ म्हटले की ती पाहिलेली नाही हे न सांगता कळते. ‘मानीव’ म्हटले की ते प्रत्यक्ष घडलेले नाही हेही तसेच कळायला हवे. शब्द स्वतःच कबुली देतो. आपण मात्र तो इंग्रजीतून ‘डीम्ड’ म्हणूनच उच्चारतो आणि त्यातली कबुली ऐकत नाही.

त्याच्या सोबतचा ‘अभिहस्तांतरण’ हा शब्द जड आहे हे मान्य. ‘कन्व्हेयन्स’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘वाट’ या अर्थाचा शब्द आहे. सोबत करून वाटेने पोहोचवणे हा मूळ अर्थ. म्हणून निरोप पोहोचवणे, माल वाहून नेणे आणि जमिनीची मालकी दुसऱ्याच्या हाती पोहोचवणे या सगळ्यांना इंग्रजीत एकच क्रियापद चालते. पगाराच्या चिठ्ठीवरचा ‘कन्व्हेयन्स अलाउन्स’ आणि सोसायटीचे ‘कन्व्हेयन्स’ एकाच घरातले.

दत्तक : आपली जुनी ओळख

नसलेले असल्यासारखे मानायचे, ही कल्पना आपल्याला इंग्रजांनी शिकवली असे कोणी समजू नये. दत्तकविधान दुसरे काय आहे? हेन्री मेन या कायदेपंडिताने १८६१ मध्ये ‘एन्शन्ट लॉ’ हा ग्रंथ लिहिला आणि दुसऱ्याच वर्षी तो गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातला कायदेविषयक सदस्य म्हणून हिंदुस्थानात आला. जुने कायदे न मोडता समाज पुढे सरकतो तो अशा मानीव गोष्टींच्या आधाराने, असे त्याचे म्हणणे होते. दत्तक हे त्याचे आवडते उदाहरण.

आजचा कायदाही तसाच बोलतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे दत्तक मूल, दत्तक घेतल्याच्या तारखेपासून, सर्व कारणांसाठी दत्तक घेणाऱ्या आईबापांचेच मूल मानले जाते. ‘सर्व कारणांसाठी’ असे म्हटल्यावर पुढे काही उरू नये. पण त्याच कलमात लगेच अपवाद येतात. जन्माच्या घरात राहिला असता तर ज्यांच्याशी लग्न करता आले नसते, त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. दत्तकापूर्वीच त्याच्याकडे आलेली मालमत्ता त्याचीच राहते. म्हणजे इतक्या उदार मानण्यालाही कुंपण आहे.

हे कुंपण कोण घालतो यावर राज्ये गेली. सातारचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी १८४८ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक घेतला. कंपनीने तो गादीसाठी मानला नाही आणि राज्य खालसा केले. झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांनी १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला. डलहौसीने त्या मुलाला खासगी मालमत्तेचा वारस म्हणून मानले, राज्याचा वारस म्हणून मानले नाही. तोच मुलगा, तोच विधी, तोच दिवस. एका कारणापुरता पुत्र आणि दुसऱ्या कारणापुरता परका. कंपनीच्या लबाडीबद्दल वेगळे बोलायला नको. पण त्या लबाडीने ज्या फटीचा फायदा घेतला ती फट ‘मानण्या’च्या स्वभावातच असते : कशापुरते मानायचे?

मौनाचे दोन अर्थ

हा प्रश्न किती व्यवहारी आहे हे दोन कायदे शेजारी ठेवले की दिसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा. त्याच्या पंचेचाळिसाव्या कलमानुसार बांधकामाच्या अर्जावर नियोजन प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी दिली असे मानले जाते. अर्थात प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याच्या सातव्या कलमानुसार माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत निर्णय दिला नाही, तर माहिती नाकारली असे मानले जाते.

दोन्हीकडे अधिकारी गप्प आहे. एका ठिकाणी त्याच्या गप्प बसण्याला ‘हो’ मानले आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘नाही’. वरवर दुसरा नियम अन्यायाचा वाटतो, पण तसा तो नाही. नकार मिळाल्याशिवाय अपील करता येत नाही. म्हणून कायद्याने तिथे नकार मानला आणि अर्जदाराला अपिलाचा दरवाजा उघडून दिला. मानीव गोष्टीकडे पाहताना ती कोणता दरवाजा उघडण्यासाठी मानली आहे हे पाहावे लागते.

१९८५ साली राज्याने मुंबई मुद्रांक कायद्यात एक दुरुस्ती केली. ती आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. तोवर फ्लॅटचा करार किरकोळ किमतीच्या स्टॅम्पपेपरवर होत असे, कारण तो नुसता विक्रीचा करार, मालकी हस्तांतरित करणारा दस्त नव्हे. १० डिसेंबर १९८५ पासून कायद्याने म्हटले की ताबा देणारा असा करार हा ‘कन्व्हेयन्स’ आहे असे मानले जाईल आणि त्यावर तसेच मुद्रांक शुल्क लागेल. तेव्हापासून फ्लॅट घेणारा प्रत्येक जण करारावरच पूर्ण शुल्क भरतो.

आता पाहा. शुल्क आकारण्यापुरता तुमचा करार हा १९८५ पासून मानीव अभिहस्तांतरणच आहे. म्हणून जमीन सोसायटीच्या नावावर झाली का? नाही. ते मानणे फक्त तिजोरीपुरते. मालकी पोहोचवण्याचे मानणे आणखी बावीस-तेवीस वर्षांनी, वेगळ्या कायद्यात आले. शब्द दोन्हीकडे तेच. कारण वेगळे, म्हणून फळ वेगळे.

उपनगरातली जमीन

आता त्या दुसऱ्या कायद्याकडे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत उपनगरे दोन टप्प्यांत आली, १९५० आणि १९५७ मध्ये. दुसऱ्या टप्प्यात हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. बंगल्यांच्या, वाड्यांच्या, भातशेतीच्या जमिनींवर तीन-चार मजली इमारती उभ्या राहू लागल्या. भाड्याच्या खोलीऐवजी ‘मालकीचा ब्लॉक’ ही नवी वस्तू बाजारात आली आणि तिच्यासोबत फसवणूकही आली. म्हणून १९६३ मध्ये सदनिका मालकीचा कायदा झाला, ज्याला आज सगळे ‘मोफा’ म्हणतात.

या कायद्याच्या अकराव्या कलमाने बिल्डरवर, म्हणजे कायद्याच्या भाषेत प्रवर्तकावर, बंधन घातले की त्याने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यावी. करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल तर नियमाने मुदत दिली सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांची. न केल्यास गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद.

प्रत्यक्षात हजारो सोसायट्यांना चार महिन्यांची चाळीस वर्षे झाली. बिल्डरला घाई नव्हती. जमीन त्याच्या नावावर राहिली की पुढे वाढणाऱ्या चटईक्षेत्रावर त्याला दावा सांगता येतो. सभासदांनाही घाई नव्हती. फ्लॅटचा करार कपाटात आहे, मेंटेनन्स भरतो आहोत, मग अजून काय हवे? खरा प्रश्न इमारत जुनी झाल्यावर आला. पुनर्विकासाच्या वेळी मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचे हे पाहिले गेले, आणि तिथे बिल्डरचे किंवा त्याच्याही आधीच्या जमीनमालकाचे नाव निघाले. बिल्डर वारलेला, भागीदारी मोडलेली, मूळ मालकाचे वारस विखुरलेले. सही करायला माणूसच नाही.

या अडचणीवर विधिमंडळाने ‘डीम’ हे जुने क्रियापद उपाय म्हणून आणले. मोफाच्या अकराव्या कलमात केलेली दुरुस्ती फेब्रुवारी २००८ मध्ये अमलात आली, आणि २०१० मध्ये तिचे नियम झाले. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. त्याने दोन्ही बाजू ऐकून, सहा महिन्यांच्या आत, एकतर्फी दस्त करण्यास हे प्रकरण योग्य आहे असे प्रमाणपत्र द्यावे. मग दुय्यम निबंधकाने बिल्डरला समन्स काढून तो दस्त ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणून नोंदवावा.

‘आपोआप’ नव्हे

इथेच मूळ गैरसमज आहे. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका आजींनी मला जिन्यात अडवून विचारले होते, “अरे, डीम्ड म्हणजे आपोआपच झालं ना? मग वकिलाला पैसे कशाला द्यायचे?” प्रश्न अडाणीपणाचा नाही. ‘मानीव परवानगी’त साठ दिवस उलटले की खरोखरच आपोआप काहीतरी घडते. इंग्रजी शब्द तोच, मग इथे का नाही?

मी त्यांना म्हणालो, “आजी, इथे कायद्याने दिवस मोजलेले नाहीत, पायऱ्या मोजल्या आहेत. पायरी चढल्याशिवाय मानलं जात नाही.” कायदा म्हणत नाही की चार महिने उलटले की जमीन सोसायटीची मानावी. तो म्हणतो : सोसायटीने मागावे, प्राधिकाऱ्याने तपासावे, प्रमाणपत्र द्यावे, मुद्रांक कार्यालयात शुल्काचा निवाडा व्हावा, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा, त्यानंतर तो दस्त मानीव. मानायची आहे ती फक्त एक गोष्ट, बिल्डरची न मिळालेली संमती आणि सही. बाकी सगळे प्रत्यक्ष करावे लागते. १९८५ नंतर करारांवर भरलेले शुल्क इथे कामाला येते. ते वजा धरले जाते. त्यामुळे जुन्या करारांच्या आणि पावत्यांच्या प्रती सभासदांनी जपून ठेवणे ही नुसती टापटीप नव्हे.

दस्त नोंदला की अनेक सोसायट्या पेढे वाटतात आणि फाइल बंद करतात. पण अजून एक पायरी उरलेली असते : नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव चढवणे. पुनर्विकासाच्या वेळी पाहिले जाते ते हे पत्रक. आपले ‘डूम्सडे बुक’ तेच.

आणखी एक मर्यादा समजून घ्यावी. उपनिबंधकाची चौकशी थोडक्यातली असते. बिल्डरने करून द्यायला हवे होते ते त्याने केले नाही, एवढ्यापुरती. जमिनीच्या मालकीबद्दल खरा वाद असेल तर तो त्या आदेशाने कायमचा मिटत नाही. दुखावलेला पक्ष दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने हे वेळोवेळी सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये तेच स्पष्ट केले. बिल्डरकडे जेवढा हक्क होता तेवढाच सोसायटीकडे येतो. मानण्याने नवा हक्क जन्माला येत नाही.

तोच शब्द उलटा फिरला तेव्हा

‘डीम’ नेहमी देतोच असे नाही. तो घेतोही. याचा अनुभव मुलुंड आणि पश्चिम उपनगरांतल्या काही वसाहतींना आला. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने काही खासगी जमिनी होत्या. १९५० च्या दशकात त्यांच्या मालकांना १९२७ च्या वन कायद्याखाली नोटिसा काढल्या गेल्या. पुढे बऱ्याच ठिकाणी काहीच झाले नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्राने खासगी वने संपादन करण्याचा कायदा केला. ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने शासनाची मालमत्ता मानली जातील, आणि ती राखीव वने मानली जातील, असे त्यात आले. अशी जुनी नोटीस निघालेली जमीनही ‘खासगी वन’ या व्याख्येत बसत होती.

त्यानंतरच्या काळात त्यांतल्या काही जमिनींवर, महापालिकेच्या मंजुरीने, इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी कर्ज काढून घरे घेतली. तीस वर्षांनी प्रश्न निघाला की ही जमीन कागदोपत्री वन आहे. जिथे लिफ्ट, पार्किंग आणि बालवाडी आहे ती जागा कायद्याच्या नजरेने जंगल. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शासनाच्या बाजूने निकाल दिला. रहिवाशांना सहा वर्षे धाकधुकीत काढावी लागली. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. नोटीस नुसती कागदावर निघून चालणार नाही, ती मालकाला बजावलेली आणि जिवंत असली पाहिजे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा सारांश. म्हणजे इथेही तोच धडा : मानण्यापूर्वीची पायरी प्रत्यक्ष घडली होती का? ती घडली नसेल तर मानणे उभेच राहत नाही.

तीन प्रश्न

१९५१ मध्ये इंग्लंडमधल्या एका खटल्यात लॉर्ड ॲस्क्विथ या न्यायमूर्तींनी म्हटले होते की एखादी काल्पनिक स्थिती खरी माना असे कायदा सांगत असेल, तर तिचे अपरिहार्य परिणामही खरे मानावे लागतात. मध्येच कल्पनाशक्तीला थांबवता येत नाही. दोन वर्षांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन मुंबई राज्याच्या एका अपिलात हे तत्त्व स्वीकारले. विषय होता इमारतींच्या बांधकामावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा. पण त्याच परंपरेने दुसरी अर्धी गोष्टही सांगितली आहे : कल्पना ज्या कारणासाठी केली त्याच्या पलीकडे तिला ओढायचे नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत ‘डीम’ हे क्रियापद राहते.

म्हणून ‘डीम्ड’ किंवा ‘मानीव’ शब्द असलेला कोणताही कागद हाती आला की मी तीन प्रश्न विचारतो, आणि माझ्याकडे कागद आणणाऱ्यांनाही तेच विचारायला सांगतो. हे कशापुरते मानले आहे? मानण्यापूर्वी कोणकोणत्या गोष्टी प्रत्यक्ष घडाव्या लागतात? आणि उलट पुरावा आला तर हे मानणे टिकते की मोडते? बंद फ्लॅटच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेली नोटीस पोहोचली असे १८९७ च्या ‘जनरल क्लॉजेस ॲक्ट’प्रमाणे मानले जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच, पत्ता चुकीचा निघाला की ते मानणे मोडते. दत्तक मुलाचे पुत्रत्व मोडत नाही. मानीव अभिहस्तांतरण या दोहोंच्या मधले आहे : दस्त खरा, नोंदणी खरी, पण मालकीचा मूळ वाद दिवाणी न्यायालयात उघडा.

शब्दकोशात या क्रियापदाचा अर्थ एका ओळीत संपतो. उपनगरात तो पुरा व्हायला पाच-सहा कार्यालये लागतात. दिवाळीच्या सुट्टीत सभासद घरी भेटतात. आपल्या इमारतीच्या मालमत्ता पत्रकाची ताजी प्रत काढून पाहावी. धारक म्हणून तिथे सोसायटीचे नाव असेल, तर ‘मानीव’ या शब्दाचे आपल्यापुरते काम झाले. नसेल, तर सूचनाफलकावरच्या त्या ओळीतल्या सभेला जावे आणि शेवटपर्यंत बसावे.